गवळीवाड्यावरचा प्रौढांचा वर्ग : पहिले अक्षर कोणत्या लिपीतले?

जांबोटीचा मास्तर
१२ मार्च

नमस्कार. मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापुरात माध्यमिक शाळेत शिकवतो. मूळ गाव जांबोटी भागातले. जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून साधारण सहा किलोमीटर आत, जंगलात, धनगर गवळ्यांचा एकोणीस घरांचा एक वाडा आहे. गेल्या दिवाळीनंतर तिथे मी प्रौढांसाठी अक्षरओळखीचा वर्ग सुरू केला. वाड्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण तेथील माणसांना विचारल्याशिवाय त्यांच्याविषयी चारचौघांत लिहिण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही.

पहिल्या संध्याकाळी तेवीस माणसे आली होती. सौरदिव्याच्या उजेडात, गोठ्याला लागून असलेल्या पडवीत, आजीबाईंपासून नुकत्या लग्न होऊन आलेल्या सुनांपर्यंत सगळे दाटीवाटीने बसले होते आणि मला, खरे सांगायचे तर, आपण काहीतरी मोठे काम करतो आहोत असे वाटले. संक्रांतीपर्यंत अकरा जण उरले. शिमग्यानंतर पाच, आणि त्यातल्या दोघी पाचवीतून शाळा सोडलेल्या, म्हणजे ज्यांना आधीपासूनच वाचता येते अशा.

मला पडलेला मोठा प्रश्न भाषेचा आहे. वाड्यावर घरात मराठीच बोलतात. बोली आपल्यापेक्षा वेगळी असली तरी समजायला अडचण येत नाही. म्हणून मी देवनागरीत मराठी शिकवायला घेतले. परंतु या माणसांच्या हाती पडणारा जवळजवळ प्रत्येक कागद कन्नडमध्ये असतो : रेशनची यादी, जमिनीचा उतारा, ग्रामपंचायतीची नोटीस, उद्योग खात्रीची, म्हणजे रोजगार हमीची, हजेरी, बसवरची पाटी. वर्ग सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकवलं ते खानापूरच्या देवळावर वाचता आलं, पण कचेरीत काही उपयोगाला आलं नाही." त्यांचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही. उलट, मी कन्नड शिकवायला घेतले तर जे शब्द त्यांच्या तोंडात नाहीत ते आधी तोंडात घालायचे आणि मग पाटीवर, असे दुहेरी ओझे पडते.

दुसरी गोष्ट नेतृत्वाची. आठवड्यातून तीनदा मी दुचाकीवरून जातो आणि शेवटचे दोन किलोमीटर चालतो. मी गेलो नाही तर वर्ग भरत नाही. पावसाळ्यात ओढे भरले की चार महिने तिकडे जाता येणार नाही, मग वर्ग मिटलाच म्हणायचा. ज्यांनी अशा वस्त्यांवर काम केले आहे त्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा.

---

निपाणीच्या बाई (निवृत्त शिक्षिका)
१३ मार्च

मास्तर, तेविसाचे पाच होणे हे तुमचे अपयश आहे असे समजू नका. ती नेहमीची घसरण आहे, आणि पाच माणसे उरली आहेत तोवर तुमच्याजवळ शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

माझा अनुभव जंगलातला नाही, तर निपाणीतल्या विडी वळणाऱ्या बायकांचा आहे. साक्षरता अभियानाच्या काळात, म्हणजे राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ मध्ये सुरू झाल्यानंतरच्या वर्षांत, आम्ही काही शिक्षिका गल्लीगल्लीत वर्ग घेत असू. सुरुवातीला आम्हीही अंकलिपी घेऊन गेलो आणि "कमळ" शिकवू लागलो. आठ दिवसांत बायका कंटाळल्या. मग एके दिवशी त्यांच्यातल्याच एकीने तिचे विडीचे पुस्तक माझ्यापुढे टाकले आणि म्हणाली, "बाई, ह्यात काय लिवलंय ते सांगा, कमळाचं नंतर बघू." त्या पुस्तकात रोज किती विड्या दिल्या, किती स्वीकारल्या आणि किती छाट काढली, म्हणजे खराब म्हणून बाजूला टाकली, त्याची नोंद असे. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळत असल्यामुळे छाटीचा आकडा हा त्या घरातल्या भाकरीचा आकडा होता. आम्ही कमळ बाजूला ठेवले आणि "छाट" हा शब्द घेतला. छ, ट आणि काना, एवढ्यावर वर्ग पुन्हा भरू लागला, आणि महिनाभरात मालकाच्या माणसाशी आकड्यावरून वाद घालणारी पहिली बाई वर्गातून तयार झाली.

तुमच्या वाड्यावर विडी नाही, पण दूध आहे. दूध डेअरीला जात असेल तर पावतीवर लिटर, फॅट आणि दर हे तीन आकडे असतात; दूध आटवून खवा करून बेळगावला पाठवत असतील तर किलोचा भाव आणि उधारी असते. (बेळगावच्या कुंद्याचे कौतुक सगळा महाराष्ट्र करतो, त्यातल्या खव्यासाठी दूध आटवत चुलीपुढे बसणाऱ्या बाईला त्या किलोचा हिशेब वाचता येतो की नाही, हे मात्र कोणी विचारत नाही.) तुम्ही वर्गाची सुरुवात अक्षरांनी केलीत. मी असते तर अंकांनी केली असती. ज्यांना आपण निरक्षर म्हणतो त्या बायका तोंडी हिशेबात आपल्याला मागे टाकतात. त्यांना अंक "शिकवायचा" नसतो, त्यांच्या डोक्यातल्या अंकाला फक्त चिन्ह द्यायचे असते, आणि पहिल्याच आठवड्यात आपल्याला काहीतरी आले ही भावना तिथून मिळते.

भाषेच्या प्रश्नावर मी अधिकाराने बोलू शकत नाही. एवढेच सांगते की जनगणनेत साक्षर कोणाला म्हणायचे याची जी व्याख्या आहे, तीत कोणत्याही भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणे एवढीच अट आहे. तेव्हा मराठीतून शिकलेले माणूस कमी साक्षर, असे कोणी म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका.

---

वाड्यावरचा
१५ मार्च

गुरुजी, मी गवळी आहे. तुम्ही ज्या वाड्याविषयी लिहिले आहे तो कोणता हे मला बहुधा कळले आहे, कारण माझी थोरली बहीण त्याच भागात दिली आहे. मी स्वतः दुसऱ्या वाड्यावरचा. आमच्या वाड्यावरून पदवीपर्यंत पोहोचलेला पहिलाच, आणि आता बेळगावला उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला आहे. थोडे स्पष्ट लिहितो. राग मानू नये.

वर्ग संध्याकाळी ठेवलात ही पहिली चूक. संध्याकाळी म्हशी रानातून परत येतात, धारा काढायच्या असतात, रेडकांना पाजायचे असते, चूल पेटवायची असते, आणि अंधार पडल्यावर एका घरातून दुसऱ्या घरी जायचे म्हणजे अस्वलाच्या वाटेवरून जायचे. तुम्ही आलात म्हणून पहिले काही दिवस माणसे पाहुण्याच्या मानाने बसली. आमच्याकडे पाहुण्याला "नको" म्हणत नाहीत, हळूहळू येणे कमी करतात. बायकांना मोकळा वेळ मिळतो तो सकाळच्या धारा होऊन म्हशी रानात गेल्यावर, पाणी-लाकडे आणून झाल्यावर, म्हणजे दुपारी साधारण एक ते तीन. तो वेळ तुमच्या शाळेचा असतो हे मला समजते. म्हणूनच वर्ग तुम्ही घ्यायचा नाही, असे माझे म्हणणे आहे.

दुसरे सांगतो ते आमच्या वाड्यावर घडलेले. मी लहान असताना एक संस्था आली होती. तीन महिने वर्ग चालला, सगळ्यांना सही शिकवली, सगळ्यांचा एकत्र फोटो काढला, प्रमाणपत्रे वाटली आणि मंडळी निघून गेली. माझ्या आजीला त्या सहीचा फार अभिमान होता. पुढे दोन वर्षांनी कोणीतरी गट करून कर्ज देतो म्हणून कागद घेऊन आला आणि आजीसह सहा बायकांनी त्यावर झोकात सह्या केल्या. आधी अंगठा होता तेव्हा कागद आणणाऱ्याला निदान मजकूर वाचून दाखवावा लागे, साक्षीदार शोधावा लागे. सही आल्यावर ती गरज संपली, कारण सही करणाऱ्याने कागद वाचलाच असणार असे धरून चालतात. ते कर्ज फेडायला आमच्या घरची दोन दुभती जनावरे गेली. तेव्हापासून वाचनाआधी सही शिकवायची नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. तुमच्या वर्गात सही शिकवून झाली असेल तर निदान एवढे तरी सांगा, की वाचता येईपर्यंत ती कोणत्याही कागदावर करायची नाही.

भाषेविषयी आमच्यातच दोन मते आहेत. माझे वडील म्हणतात की वनखात्याची नोटीस कन्नडमध्ये येते, म्हणून कन्नडच शिकवा. मराठी तर आम्हाला येतेच. ते चुकीचे बोलत नाहीत. पण माझे स्वतःचे शिक्षण ज्या शाळेत सुरू झाले तिथे पहिली दोन वर्षे मला एक शब्द कळत नव्हता आणि मी फळ्यावरची अक्षरे चित्रासारखी उतरवून काढत असे. सुरेख अक्षर होते माझे. वाचता एक ओळ येत नव्हती. पन्नाशीच्या बाईला त्या वाटेने न्यायचे असेल तर ती दुसऱ्या दिवशी येणार नाही, आणि तिला दोष देता येणार नाही.

आणि एक विनंती. सीमाभागात आम्ही मराठी की कन्नड याची मोजणी करायला दोन्ही बाजूंचे लोक येतात, आमचे दूध मोजायला कोणी येत नाही. वर्गावर कसलाही झेंडा लावू नका.

---

सीमेवरचा वाचक
१५ मार्च

मराठी माणसाला मराठीतच कागद मिळाला पाहिजे. केंद्र सरकारच्या भाषिक अल्पसंख्याकांविषयीच्या १९५६ च्या निवेदनात पंधरा टक्के अल्पसंख्याक असलेल्या भागात सरकारी सूचना त्यांच्या भाषेत देण्याचे तत्त्व मान्य झालेले आहे आणि खानापूर तालुक्यात तर आपणच बहुसंख्य आहोत. कन्नड शिकवणे म्हणजे आपली मागणी आपणच सोडून देणे होय.

---

जांबोटीचा मास्तर
१६ मार्च

तुमची मागणी रास्त आहे आणि तिच्यासाठी या मंचावर दुसरे धागे आहेत. मात्र मराठी कागद मिळेपर्यंत वाड्यावरच्या माणसाने बसची पाटी वाचू नये, असे मी त्याला सांगू शकत नाही. येथे कृपया वर्गाविषयीच बोलावे.

"वाड्यावरचा" यांचे पत्र मी तीन वेळा वाचले. सही मी शिकवली होती. पहिल्याच महिन्यात.

---

हल्याळ-खानापूर फेरी
१८ मार्च

मी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ आणि यल्लापूर भागात सिद्दी (मूळचा आफ्रिकेतून आलेला समाज) व गवळी वस्त्यांवर काही वर्षे काम केले असून आता खानापूर तालुक्याच्या दक्षिण भागातही जातो. दोन-तीन मुद्द्यांची भर घालतो.

लिपीचा प्रश्न आपण "हे की ते" असा मांडतो, म्हणून तो अवघड होतो. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही ब्राह्मीपासून आलेल्या लिप्या आहेत. स्वर आधी, मग क-च-ट-त-प हे वर्ग, ही मांडणी एकच आहे. आपल्याकडे बाराखडी आहे तशी कन्नडमध्ये कागुणित आहे. आपला ळ तिथेही आहे. काना-मात्रा-वेलांटी म्हणजे व्यंजनाला स्वराचे चिन्ह जोडायचे, ही कल्पना एका लिपीत पक्की झाली की दुसऱ्या लिपीत फक्त आकार बदलतात, कल्पना पुन्हा शिकावी लागत नाही. अडखळायला होते ते दोन ठिकाणी. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन ए आणि दोन ओ आहेत, जे मराठी कानाला वेगळे ऐकू येत नाहीत. आणि जोडाक्षरातले दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली वेगळ्या आकारात लिहितात, ते लक्षात ठेवावे लागते. माझ्या अनुभवात देवनागरीत साधा मजकूर वाचू लागलेल्या प्रौढाला कन्नड पाट्या वाचायला दीड-दोन महिने पुरतात. थेट कन्नडपासून सुरुवात केलेल्या मराठीभाषक प्रौढांपैकी फार थोडे शेवटपर्यंत टिकलेले मी पाहिले आहेत, याचे कारण "वाड्यावरचा" यांनी लिहिले आहे तेच : अक्षर लागते पण शब्द लागत नाही, आणि शब्द लागला नाही की अक्षरही विसरते.

परंतु तोवर कन्नड अजिबात दाखवायचे नाही, असेही करू नये. पहिल्या दिवसापासून पाच-सहा कन्नड शब्द चित्रासारखे ओळखायला शिकवावेत : खानापूर, बेळगावी, जांबोटी, स्त्रिया, पुरुष, आणि कन्नड अंक. २०२३ च्या जूनपासून राज्यात साध्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकिटाचे पैसे द्यावे लागत नाहीत, त्यामुळे वाड्यावरच्या बायका पूर्वीपेक्षा जास्त प्रवास करतात आणि चुकीच्या बसमध्ये बसण्याची भीती हे वर्गाला येण्याचे एक खरेखुरे कारण आहे. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरी यांनी १९६३ मध्ये ब्राझीलमधील अंगिकोस या गावी शेतमजुरांना शिकवताना आधी त्या माणसांच्या बोलण्यातले, त्यांच्या जगण्याला भिडणारे थोडेसे शब्द गोळा केले आणि त्या शब्दांवर चर्चा करीत अक्षरे सोडवली. निपाणीच्या बाईंनी "छाट" घेऊन तेच केले आहे, फ्रेअरी न वाचता. गवळीवाड्यावर ते शब्द दूध, रेडकू, दावण, पावती आणि नोटीस असतील. पण ते तुम्ही ठरवू नका, त्यांनाच विचारा. मी एकदा घरी बसून स्वतः यादी केली होती आणि "वाघ" हा शब्द मोठ्या हौसेने घेतला होता. वर्गातल्या दोघींनी तो उच्चारायलाच नकार दिला; रानात जाणाऱ्यांच्या घरी संध्याकाळी त्याचे नाव घेत नाहीत.

अशा वस्त्यांना सरसकट "आदिवासी" म्हटले जाते, त्या शब्दाविषयीही थोडे. सरकारी यादीप्रमाणे सिद्दी समाज उत्तर कन्नडात २००३ पासून अनुसूचित जमातीत आहे आणि २०२० मध्ये बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींचाही समावेश झाला. धनगर गवळी मात्र त्या यादीत नाहीत; त्यांची मागणी जुनी आहे. याचा वर्गाशी थेट संबंध आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गवळी "इतर पारंपरिक वननिवासी" ठरतात, आणि त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंच्याहत्तर वर्षे, त्या जंगलावर अवलंबून वास्तव्य होते हे दाखवावे लागते. भटकत म्हशी चारणाऱ्या माणसाकडे एवढा जुना कागद असणार कुठून? पण त्याच कायद्याच्या नियमांत पुराव्यांच्या यादीमध्ये वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदन धरलेले आहे. अट एवढीच की निवेदन देणारा स्वतः दावेदार नसावा आणि हा एकच पुरावा देऊन भागत नाही, किमान दोन लागतात. म्हणजे आजोबा सांगताहेत आणि वाड्यावरची नात लिहून घेते आहे, की आमची जुनी दावण कुठे होती, कोणत्या देवाला कोणत्या टेकडीवर नारळ फोडत होतो, कोणाला कुठे पुरले, हा धडाही आहे आणि पुरावाही. आमच्याकडे एका वस्तीवर असे लिहून घेण्याचे काम सुरू केले, तेव्हा वर्गाला कधीही न आलेले पुरुष येऊन बसू लागले. सांगायला म्हणून आले, आणि दुसरा सांगत असताना लिहिणारी बरोबर लिहिते की नाही हे बघता यावे म्हणून शिकू लागले.

सरकारी "उल्लास" साक्षरता कार्यक्रमाचा उपयोग जरूर करून घ्यावा. तो २०२२ ते २०२७ या काळासाठी असून पंधरा वर्षे व त्यावरील सर्व निरक्षरांना खुला आहे; त्यात "प्रौढ शिक्षण" या शब्दाऐवजी "सर्वांसाठी शिक्षण" म्हणतात. शेवटी जी चाचणी होते ती १५० गुणांची असते, वाचन, लेखन आणि अंकज्ञान यांना प्रत्येकी ५०. प्रमाणपत्राचा आनंद माणसांना होतो, तो आपण कमी लेखू नये. मात्र हा कार्यक्रम स्वयंसेवकांवर उभा आहे, मानधन नाही. त्यामुळे वाड्यावरच्या ज्या बाईला तुम्ही शिकवायला सांगाल तिचे दोन तास कोण भरून देणार, हे आधी ठरवा. आमच्याकडे हे ठरवले नाही म्हणून दोन चांगल्या मुली वर्ग सोडून गोव्याला कामाला गेल्या.

---

निपाणीच्या बाई (निवृत्त शिक्षिका)
१९ मार्च

"वाड्यावरचा" यांचा सहीचा मुद्दा वाचून माझ्या हातून किती सह्या शिकवल्या गेल्या ते मोजत बसले. त्या वेळी सही येणे हेच आमच्या अहवालातले मोठे यश असे, आणि तालुक्याला आकडा कळवायचा असल्यामुळे आम्ही ते आधी उरकत होतो. या गोष्टीचा असा विचार मी कधी केला नव्हता.

---

जांबोटीचा मास्तर
२५ मे

सव्वादोन महिन्यांनी लिहितो आहे, क्षमस्व. काय घडले ते सांगतो, कारण विचारून गप्प बसणे बरे नव्हे.

मी मार्चअखेर एका रविवारी वाड्यावर गेलो तो वर्ग घ्यायला नव्हे तर विचारायला. "वाड्यावरचा" यांनी बेळगावहून येऊन माझ्याबरोबर बसण्याची कृपा केली; त्यांच्यामुळे जे मला इतक्या महिन्यांत कोणी सांगितले नव्हते ते दोन तासांत ऐकायला मिळाले. त्यातले सगळे ऐकायला गोड नव्हते. एक आजी म्हणाल्या की मास्तर चुकले की हसता येत नाही, आणि हसता येत नाही तिथे आम्ही चुकत नाही, गप्प बसतो.

वर्ग आता दुपारी भरतो आणि तो मी घेत नाही. पाचवीतून शाळा सोडलेल्या त्या दोघी, ज्यांना मी "आधीपासून वाचता येणाऱ्या" म्हणून मनातल्या मनात वजा करत होतो, त्याच शिकवतात. मी रविवारी जातो आणि फक्त त्या दोघींना पुढच्या आठवड्याचे सांगतो. त्यांच्या वेळेचा प्रश्न वाड्यावरच्या जाणत्यांनी सोडवला : वर्गाच्या दिवशी त्यांच्या घरची लाकडे पाळीपाळीने दुसऱ्या घरच्या आणतात. पैशाची सोय करावी असे मी सुचवले होते, पण पैसे बाहेरून आले तर वर्ग बाहेरचा होईल, असे एका म्हाताऱ्यांचे मत पडले. ते किती दिवस चालेल याची मला शंका आहे. लाकडांचा हिशेब एके दिवशी बिनसेलच.

सुरुवात दुधाच्या वहीने झाली. प्रत्येक घराची एक वही, सकाळचे आणि संध्याकाळचे दूध, दर, येणे. आता वर्गाला चौदा जणी येतात. पुरुष चार. डेअरीच्या पावतीवरचा आकडा आणि वहीतला आकडा जुळत नाही, हे तिसऱ्या आठवड्यातच दोन घरांच्या लक्षात आले. चूक कोणाची होती ते शोधताना असे निघाले की वहीतच बेरीज चुकली होती. मला वाईट वाटले, पण त्या बायका हसल्या आणि त्यांनी बेरीज पुन्हा केली. हसू आले, म्हणजे आजींचे म्हणणे खरे होते.

देवनागरी चालू आहे. कन्नडचे सात शब्द सगळ्यांना ओळखता येतात, आणि अंक पाच जणींना पक्के येतात. ज्या गृहस्थांनी कचेरीत उपयोग नाही म्हणून सांगितले होते, त्यांनी कन्नडच हवे हा हट्ट सोडलेला नाही. त्यांच्यासाठी शिकवणाऱ्या दोघींपैकी एकजण, जिची शाळा कन्नड होती, स्वतंत्र बसते. दोन वर्ग झाले तर झाले.

वडीलधाऱ्यांची निवेदने लिहून घ्यायला आम्ही घाबरत घाबरत सुरुवात केली आहे. एका आजोबांनी त्यांच्या लहानपणीच्या सात दावणीच्या जागा सांगितल्या आणि नातीने त्या लिहिल्या, चुका पुष्कळ आहेत. शुद्धलेखन मी सुधारू का, असे विचारले तर नात म्हणाली, आजोबा "दावन" म्हणाले, "दावण" नाही, तर तसेच राहू दे. मी हात मागे घेतला.

आता एक अडचण आहे ती पावसाची. येत्या दोन-तीन आठवड्यांत ओढ्यावरचा लाकडी साकव पाण्याखाली जाईल आणि मला जाता येणार नाही. वह्या, पेन्सिली आणि मोठ्या अक्षरांतले वाचायचे कागद आधीच पोहोचवायचे आहेत. चार महिने पुरेल इतका, मोठ्या अक्षरांत, वाड्यावरच्या जगण्याशी जुळणारा मजकूर माझ्याकडे नाही. मुलांची पुस्तके दिली तर ससा-कासव वाचायला या बायका तयार नाहीत आणि ते बरोबरच आहे. कोणाकडे काही असल्यास कळवावे.

---

हल्याळ-खानापूर फेरी
२६ मे

तयार पुस्तक शोधू नका. आजोबांनी सांगितलेल्या सात दावणींचा मजकूर मोठ्या अक्षरांत छापून घ्या, नातीच्या चुकांसकट. रेडकांच्या जुलाबावर वाड्यावर जे औषध देतात ते एखाद्या आजीला विचारून दुसरा कागद करा; पशुवैद्यकाला एकदा दाखवा म्हणजे झाले. पावसातला कागद ओला होतो, प्लॅस्टिकचे वेष्टन घाला.

---

वाड्यावरचा
२६ मे

गुरुजी, येत्या शनिवारी माझी दुसरी पाळी सुटते. रविवारी सकाळच्या कणकुंबी बसने येतो. छापलेले कागद खानापूर स्टँडवर माझ्याकडे द्या, साकवापासून पुढे मी डोक्यावरून नेईन. शिकवणाऱ्या दोघींपैकी थोरलीने बहिणीकरवी निरोप पाठवला आहे की वह्या आठ कमी पडतात आणि पेन्सिलींपेक्षा खोडरबर जास्त लागतील.